पुस्तकाचा कौल

नको नको, खळ नको ताई, खळीला झुरळं लागतात — डिंक असेल तर बघा, ती बाटली असते ना, लाल रबराच्या टोकाची — हां, हीच. वाळलाय? असू दे, पाण्याचे दोन थेंब घातले की येतो जागेवर. काम छोटंच आहे. आठ पानं. तुम्हीच बोर्डावर चिठ्ठी लावली ना, 'क-४१७ ची शेवटची पाने ज्या सभासदाकडे असतील त्याने आणून द्यावीत, नाव विचारले जाणार नाही' — वाचली मी परवा, आणि म्हटलं शाब्बास, बाईंना इथं लागून तीन आठवडे नाही झाले आणि बारा वर्षांत आधीच्या म्हाताऱ्या ग्रंथपालांना जे दिसलं नाही ते यांनी पकडलं! तर ही घ्या ती पानं. माझी नाहीत हां. म्हणजे माझ्याकडं नव्हती. एका मित्राकडं सापडली. ट्रंक आवरत होता, तळाला वर्तमानपत्र, त्याच्याखाली ही. म्हणाला, वसंता, तू लालबागच्या वाचनालयात जातोस ना, देऊन टाक. म्हणून आलो. नाव विचारणार नाही म्हणालात, तर विचारू नका, गरीब माणूस आहे बिचारा.

डिंक भिजेपर्यंत बसतो जरा. तुमची काही हरकत नाही ना? चारला उघडता तुम्ही, पण साडेपाचपर्यंत इथं चिटपाखरू फिरकत नाही, मला ठाऊक आहे, मी तेरा वर्षांचा सभासद आहे. आज सुट्टी माझी. वरळीला एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टवर असतो. वाचकाला याच्यापरती नोकरी नाही ताई, खरं सांगतो — स्टूल आहे, डोक्यावर दिवा आहे, पंखा आहे, आणि तळमजला ते नववा, लिफ्ट रिकामी असली तर एक पान होतं. मध्ये कुणी चढलं तर अर्धं. एकदा नायिका विहिरीच्या काठावर उभी होती आणि एक साहेब आत आले, म्हणाले, सहावा. मी नेलं त्यांना थेट नवव्यावर. ओरडायला लागले, तर म्हटलं, साहेब, एक मिनिट, ती उडी मारते का तेवढं बघू द्या. नाही मारली. साहेबच म्हणाले, बरं झालं. आता ते रोज चढले की विचारतात, काय, आज कोण रडतंय?

माझं कार्ड बघताय? बघा बघा. सभासद दोनशे अकरा. पुढं 'सौ. करिता' लिहिलंय, ते आधीच्या ग्रंथपालांनी लिहिलेलं. ब्याऐंशी साली, संप सुरू झाला त्या वर्षी पहिल्यांदा आलो, आणि मागितलं काय, तर कव्हरवर बाई खिडकीत उभी आहे ते पुस्तक. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. एवढा थोरला मिशीवाला साचेवाला, गिरणीत साचे चालवणारा माणूस, आणि हातात खिडकीतली बाई! मी पटकन म्हटलं, घरच्यांसाठी पाहिजे. त्यांनी लिहून टाकलं, आणि मग ते तसंच चालत राहिलं हो. 'काय, वहिनींना आवडलं का?' 'आवडलं, पण शेवटी फार रडवलं म्हणते.' 'वहिनींना एखादं ऐतिहासिक देऊ का?' 'नको, लढाया आल्या की तिचं डोकं दुखतं.' माझी सौ. इतकी चोखंदळ झाली ताई, की नवीन पुस्तकं आली की ते आधी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. रिटायर होताना म्हणाले, एकदा वहिनींना घेऊन या, असा वाचक बघायला मिळत नाही. मी म्हटलं, गावी असते ती. — नाही हो. कुठली सौ. आणि कुठलं काय. त्याच्यावर एक रेघ मारून टाका. एकच मारा, खाडाखोड नको, म्हातारबुवांचं अक्षर सुंदर आहे.

तुम्ही ह्या नव्या वाचल्यात की नाही, ह्या गेल्या वर्षी-दोन वर्षांत आलेल्या प्रेमाच्या? सगळ्या? मग आपलं जमेल. मला आवडतात. लोक नाकं मुरडतात, मी नाही मुरडत, पण दोन गोष्टी मला पटत नाहीत. एक म्हणजे नायिका रडते तेव्हा शेजारचं कुणी येत नाही! पान पान रडते, उशी भिजते, आणि शेजारून कुणी दार ठोठावत नाही की काय झालं गो बाय म्हणून? आमच्या चाळीत बाईनं नाक ओढलं तरी चार जणी येतात, पाचवी चहा घेऊन. आणि दुसरं — ह्या दोघांना एकटं भेटायला सारखी जागा कशी मिळते? गच्ची म्हणे. रिकामी गच्ची! मुंबईत! तिथं मी पेन्सिलनं बारीक लिहितो, 'हे कल्पित आहे.' — हो, मीच लिहितो ते. चिडू नका, पेन्सिल आहे, पुसता येते. पण तुम्ही आता विचाराल, दोनशे पानं तो तिला मनातलं सांगत नाही हे कसं पटतं? ते पटतं. त्यात काहीच खोटं नाही. दोनशे पानं म्हणजे थोडीच झाली.

आणि ती दुसरी, उद्याच्या जगाची — तुमच्या पाठीमागं वरच्या फळीवर मांडल्यात त्या — त्या वाचून तर मी लिफ्टमध्ये एकटा हसलो. गेल्या महिन्यातली बघा, पन्नास वर्षांनंतरचं शहर. लेखक सांगतो काय, तर भयंकर काळ आलाय. काय झालंय? माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. सकाळी भोंगा होतो, की सगळे एका रांगेत फाटकातून आत. जेवण एकाच मोठ्या पातेल्यातलं. एका पलंगावर तीन माणसं पाळीपाळीनं झोपतात, एकाचं अंग निवायच्या आत दुसरा आडवा. संडासात किती वेळ लागला ते बघायला बाहेर माणूस उभा. आणि वाचणाऱ्यानं घाबरायचं! ताई, ही आमची डिलाईल रोडची खोली आहे हो! माझा बिल्ला नंबर मला अजून पाठ आहे, बायकोच्या वाढदिवसासारखा — म्हणजे असती तर. बावीस जण होतो एका खोलीत, सगळे एका गावचे, तीन पाळ्या, भिंतीला बावीस ट्रंका, जेवायला समोरची खानावळ. लेखक म्हणतो नरक, आम्ही त्याला पर्मनंट म्हणायचो! आणि एवढा हुशार लेखक, त्याला सगळं सुचलं पण एक सुचलं नाही. भोंगा बंद होतो, हे कुणी लिहिलेलं नाही. भोंगा बंद होतो आणि लोक तरी सकाळी पावणेसातला जागे होतात, अंथरुणात उठून बसतात, आणि एकमेकांकडं बघत राहतात. ते पान मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मी शोधतोय.

तर त्या दिवसांतच वाचनाचं सुरू झालं. अर्धी खोली गावी गेली शेतीवर, आम्ही अकरा जण उरलो. दिवसभर करायचं काय? पत्ते खेळून हातांना घट्टे पडायची वेळ आली. मग गणपततात्या, आमच्या खोलीचे वडीलधारे, ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष, त्यांनी ठराव मांडला की वसंतानं रोज जेवणानंतर काहीतरी मोठ्यानं वाचावं. आमच्याकडं सगळं ठरावानं व्हायचं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, ठराव. मी आणायला यायचो इथं, सौ. करिता, आणि वाचायचो दहा बाप्यांसमोर. पहिल्या दिवशी सगळे खिदळले. तिसऱ्या दिवशी नायिकेला ताप आला तर तात्या उठून बसले, म्हणाले, डाक्तर बोलावले की नाय? पाचव्या दिवसापासून खानावळीतून लवकर जेवून यायला लागले. लूम खात्यातले बाप्ये हो, ज्यांना शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही!

आणि मग आलं हे, क-४१७. तुम्ही वाचलंय ना? जेवढं आहे तेवढं. पाचगणीच्या सॅनिटोरियममधली ती नर्स, एका बाजूला तो फॉरेस्ट ऑफिसर, जीपवाला, शीळ घालत येणारा, आणि दुसऱ्या बाजूला शाळामास्तर, रोज संध्याकाळी येऊन रोग्यांना पेपर वाचून दाखवणारा. खोलीत एवढी भांडणं झाली की संप बाजूला राहिला. शेवटी तात्यांनी मतदान घेतलं. नर्सनं कुणाशी लग्न करावं? हात वर करा. ऑफिसरला आठ मतं — 'अरे, सरकारी नोकरी, क्वार्टर, पर्मनंट आसा तो!' — तात्या अध्यक्ष म्हणून तटस्थ, आणि मास्तरला दोन. त्यातला एक बहिरा होता, त्याला वाटलं चहा कोणाला पाहिजे विचारतायत. हो, दुसरा मी. का म्हणजे? वाचून दाखवणाऱ्याला वाचून दाखवणारा आवडतो, एवढंच.

आता आमच्याकडचा कौल तुम्हाला माहीत आहे का? तुमचं गाव कुठलं? — घाटावरचं, मग नसेल. आमच्याकडं कोकणात लग्न असो, घर बांधायचं असो, भांडण असो, देवीला विचारतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्याच्यावर कुणी बोलायचं नाही. तर आमच्या खोलीत लहू होता. माझ्या बाजूची ट्रंक त्याची, गावातही आमची घरं पाठीला पाठ. देखणा, पखवाज वाजवायचा, बोलायला लागला की माणूस ऐकत राहील. आणि गावात, वरच्या वाडीत, कमल. सातवी पास. नदीवर जाताना सुद्धा हातात काहीतरी छापलेलं असायचं, किराण्याच्या पुडीचा कागद का असेना, वाचत जायची. लहूला तिच्या बापाकडं विचारायला जायचं होतं. पण गिरणी बंद, उद्याचा पत्ता नाही, कुठल्या तोंडानं जाणार? गावी जाऊन कौल लावावा तर डावा पडल्यावर गावभर बोभाटा. सुकत चालला होता हो पोरगा, जेवायचा नाही, पखवाजाला हात लावायचा नाही. आणि एक दिवस, शेवटचा भाग वाचायचा राहिला होता, तर हा सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, 'तात्यानू, मी पुस्तकाकच कौल लावतंय. ऑफिसराक ती मिळाली तर मी गावाक जावन कमलच्या बापाशीक विचारतलंय. मास्तराक मिळाली तर तिचा नाव परत काढूचंय नाय.'

तुम्ही हसताय. आम्ही नाही हसलो. तात्यांनी नारळ आणला. पुस्तकासमोर ठेवला, गाऱ्हाणं घातलं — 'बा देवा म्हाराजा, ह्या नर्सबायच्या हातान आज खरा काय ता सांग' — आणि दहा माणसं मांडी घालून बसली, आणि मी मध्ये. म्हणजे मी गुरव झालो ना! आणि मी आदल्या दिवशीच जिन्यात बसून शेवट वाचून ठेवला होता, मला सवय आहे ती. मला ठाऊक होतं. डावा होता. नर्स मास्तरशी लग्न करते.

हां. मित्र नाही. मीच. कधी कळलं तुम्हाला? ट्रंकच्या वेळीच? मग मघाशीच बोलायचं की, मला उगाच त्या मित्राचं गरीबपण सांभाळत बसावं लागलं.

मी तोंड उघडलं आणि वाचायला लागलो, आणि समोर लहूचं तोंड. नुसता बघत होता माझ्याकडं, देवीकडं बघावं तसा. आणि माझ्या तोंडून जे यायला लागलं ते ह्या पानांवर नव्हतंच. मी पानं उलटत होतो, डोळे ओळीवरून फिरवत होतो आणि मनानं सांगत होतो. जीप आणली, पाऊस आणला, ऑफिसरनं हात धरला, नर्सनं मान खाली घातली. मास्तरचं काय झालं, तात्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यानं दोघांना आशीर्वाद दिला आणि बदली मागून घेतली. तिथं माझा आवाज जरा बसला, तर सगळ्यांना वाटलं किती सुंदर वाचतो. नारळ फुटला. लहूनं मला उचलून गरागरा फिरवलं. खोलीनं वर्गणी काढून त्याला दुसऱ्या दिवशी एसटीत बसवला. आणि तात्या म्हणतात, वसंता, ते लग्नाचं पान उद्या पुन्हा एकदा वाच. उद्या! मला त्यातला शब्द आठवत नव्हता. आणि कुणी हातात घेऊन बघितलं असतं तर? म्हणून सकाळी उठलो, सगळे नळावर होते, आठ पानं हलकेच ओढली आणि ट्रंकेत टाकली. सांगितलं, उंदरानं खाल्ली. तात्या म्हणाले, कौल दिलेलं पान, देवानंच नेलं.

का म्हणजे? — का केलं म्हणजे काय ताई, मित्र होता तो. — नाही, तेवढंच नाही. आता इतकं सांगितलंय तर सांगून टाकतो, तुम्ही कुणाच्या कोण आणि मी कुणाचा कोण. मला कमल आवडायची. लहूच्या आधीपासून. गावी गेलो की खिशातून मुद्दाम वर्तमानपत्र न्यायचो, दोन दिवसांचं शिळं, आणि विहिरीच्या वाटेवर तिला द्यायचो. ती उभ्याउभ्या वाचायची आणि मी उभा राहायचो. चार वर्षं. बोललो एक अक्षर नाही. म्हणजे हवापाण्याचं बोललो. डावा कौल वाचला असता ना, तर लहू गप्प बसला असता आणि मला रस्ता मोकळा होता. आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्या हातात कौल आणि तो माझ्याच बाजूनं पडलेला, कोण विश्वास ठेवेल? मी तरी ठेवला असता का? म्हणून उजवा दिला. खोटा कौल देणाऱ्या गुरवाचं काय होतं ते आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. तेव्हापासून जरा दाढ दुखली तरी मी वर बघतो, म्हणतो, हे त्याचंच का?

नाही, लग्न छान झालं त्यांचं. करी रोडला राहतात. लहूनं गिरणीचा नाद सोडला, टेम्पो शिकला, आता स्वतःचा आहे, शीळ घालत चालवतो. दोन मुली आहेत. मला दर रविवारी जेवायला बोलावतात, मी जातो, आणि लहू दर रविवारी नव्या माणसाला सांगतो की आमचं लग्न देवीनं नाही, पुस्तकानं लावलं. बारा वर्षं तेच सांगतोय. आणि कमल ऐकून ऐकून ह्या महिन्यात इथं सभासद झाली. हो, तीच ती, उंच, चष्मा आहे. तिनंच तुमच्याकडं तक्रार केली ना पानांची? वाटलंच मला.

गेल्या रविवारी काय झालं सांगतो. लहू हात धुवायला गेला होता. मला भात वाढता वाढता म्हणते, 'भावजी, शेवटची पानंच नाहीत हो त्याला. तुम्ही वाचलंय, काय होतं शेवटी?' मी सांगितलं, जीप, पाऊस, हात धरतो. ती भाताचा डाव तसाच धरून उभी. म्हणाली, 'नाही वाटत हो तसं. पहिल्यापासून ती मास्तरच्या येण्याची वाट बघते. दिवा लावला की दाराकडं बघते. ते लिहिणाऱ्यानं उगाच नाही लिहिलं.' सव्वादोनशे पानांत दहा माणसांना जे दिसलं नाही, म्हणजे मतदान घेऊन सुद्धा दिसलं नाही, ते तिला दिसलं. मग म्हणाली, 'ज्यानं पानं नेली त्याला शेवट फारच आवडला असेल नाहीतर अजिबात आवडला नसेल.' आणि लहू आला, विषय बदलला, मी तिसऱ्यांदा आमटी घेतली. कधी घेत नाही.

तर म्हणून आणली. तिनं वाचावं. बस, नुसतं वाचावं. नाही हो, कुणाचं घर मोडायला नाही आलो, तसा माणूस वाटतो का मी? फक्त कुणीतरी एकानं, एकदा, खरं पान वाचावं. तिला कळेल. कौल खोटा होता हे कळेल, कुणी दिला ते कळेल, आणि का दिला ते — तिला ते पण कळेल, तिला सगळं कळतं. मग रविवारी माझ्यासमोर ताट ठेवेल की नाही, लहूला सांगेल की नाही, ते तिचं ती बघेल. ताट जाईल ही भीती आहेच. आलोय तरी.

आणि आणखी एक गंमत सांगू? बारा वर्षांत ही पानं मी उघडली नव्हती. ट्रंकेत होती, उघडायची कशाला. आज बसमध्ये उघडली. मला आठवत होतं की मास्तर गप्प बसतो आणि ती आपण होऊन त्याच्याकडं येते. बारा वर्षं मी असंच समजून होतो, की गप्प बसणाऱ्याला मिळाली. असं नाहीये ताई. हे बघा ना, दुसऱ्या पानावर. मास्तर भर दुपारी तिच्या क्वार्टरवर जातो, घामाघूम, हातात पेपर पण नाही, आणि दारात उभा राहून म्हणतो, 'मी तुम्हाला विचारायला आलो आहे.' विचारतो तो. सरळ विचारतो. आणि मी ते जिन्यात बसून वाचलं होतं हो, माझ्या ह्या डोळ्यांनी, आणि तेवढंच विसरलो.

आला डिंक. द्या ते पुस्तक, मी लावतो, माझे हात सुताचे आहेत, तुटलेला धागा जोडायची सवय आहे. — काय? आधी शेवटचं पान बघू? जे उरलंय ते? बापरे, हे काय, ही तर सगळी यात्रा भरली आहे इथं! थांबा, चष्मा घालतो. 'पुढील पाने कोठे?' — शाईपेन. 'ज्याने फाडली त्याचे हात झडोत.' बरं. आहेत अजून जागेवर. 'मीही हेच म्हणतो, सभासद क्रमांक ८८.' सहीसकट! 'नर्सने मास्तरशी लग्न केले असावे, एक भगिनी.' खाली, 'अशक्य. ऑफिसरकडे जीप आहे.' त्याच्याखाली, 'जीप सरकारी असते.' हे बरोबर बोलला, हा आमच्या खोलीत पाहिजे होता! 'सभासदांनी पुस्तकावर लिहू नये, ग्रंथपाल. ता. क. मलाही मास्तरच वाटतो.' अहो, म्हणजे पानं गेल्याचं म्हातारबुवांना माहीत होतं! बारा वर्षं बोलले नाहीत! मला विचारायचे, वहिनींना आवडलं का म्हणून — आणि मी आपला — बरं, पुढं. हे खालचं निळं बॉलपेन, ताजं दिसतंय. 'शेवट मला कळला. मास्तराने तिला विचारले असणार. ज्यांच्याकडे पाने आहेत त्यांनी ती आता आणू नयेत, आपल्यापाशीच ठेवावीत. रविवारी जेवायला येणे मात्र चुकवू नये.'

नाही. काही नाही. असेल कुणीतरी. लोक काय वाटेल ते लिहितात. — ती इकडं द्या. आठही. हां. पिशवी माझीच आहे ती. बोर्डावरची चिठ्ठी काढून टाका, आणि कुणी विचारलंच तर सांगा, कुणी आलं नव्हतं. नको, आज पुस्तक नको. येतो मी.